बँड ४ चा मोझॅक सर्व्हे: ‘किती झाला’ हे तासांवरून सांगायचं की नॉइजवरून?

पॉइंटिंग_५७ (प्रश्न)

खोडदच्या जीएमआरटीवर (३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीवर) बँड ४ मध्ये, म्हणजे ५५० ते ८५० मेगाहर्ट्झमध्ये, १० चौरस अंशांच्या एका क्षेत्राचा कंटिन्युअम मोझॅक (रुंद पट्ट्यातल्या, शेजारशेजारच्या प्रतिमा जोडून केलेला रेडिओ नकाशा) चालू आहे. जाळी षट्कोनी, शेजारच्या दोन केंद्रांत २७ आर्कमिनिटांचं अंतर, एकूण ५७ पॉइंटिंग (दुर्बीण रोखायच्या जागा). प्रत्येकाला ६० मिनिटं, तीही सलग नाही. १५-१५ मिनिटांचे चार स्कॅन वेगवेगळ्या अवर अँगलला (क्षेत्र मध्यान्हरेषेपासून वेगवेगळ्या अंतरावर असताना). उद्दिष्ट दर बीमला (प्रतिमेतल्या सगळ्यात लहान ठिपक्याला) १५ मायक्रोजान्स्की नॉइजचं (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक).

आत्तापर्यंत ३८ पॉइंटिंगचा डेटा हाती आला आहे. तक्त्यात ३८ भागिले ५७ करून ‘६७ टक्के पूर्ण’ असं लिहिलं आहे. पण प्रतिमा काढल्यावर नॉइज कुठे १४, कुठे १९, तर चार-पाच ठिकाणी थेट २६ मायक्रोजान्स्की येतो आहे. चालू अँटेना कधी २८, कधी २५. मग हे ६७ टक्के खरे मानायचे का?

नेमकं विचारायचं आहे ते असं. अपेक्षित नॉइज कसा काढायचा? दुर्बिणीच्या कामगिरीचे कोणते आकडे दर सेशनला नोंदवून ठेवायचे? आणि २६ वाल्या पॉइंटिंगसाठी पुन्हा वेळ मागायचा की नाही, हे कशावरून ठरवायचं?

बेसलाइन_४३५

६७ टक्के हा घड्याळाचा आकडा आहे, सर्व्हेचा नाही. सर्व्हेची प्रगती म्हणजे ठरवलेल्या खोलीपर्यंत पोचलेलं क्षेत्रफळ. दोन्हींतलं अंतर किती आहे ते आधी मोजून घ्या.

अपेक्षित नॉइजपासून सुरुवात करू. बँड ४ ला एका अँटेनाचं सिस्टिम टेंपरेचर (यंत्रणा आणि आकाश यांचा एकूण नॉइज) साधारण १०० केल्विन आणि गेन (स्रोताला मिळणारा प्रतिसाद) सुमारे ०.३५ केल्विन प्रति जान्स्की. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एसईएफडी (यंत्रणेच्या नॉइजइतकाच सिग्नल देणाऱ्या स्रोताचं तेज) येतो, सुमारे २८६ जान्स्की. आता छेद काढा: अँटेना × (अँटेना − १) × पोलरायझेशन × वापरण्याजोगी बँडविड्थ × सेकंद, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. २७ अँटेना, २ पोलरायझेशन, २०० मेगाहर्ट्झ आणि ३,६०० सेकंद धरले तर छेद ३.१८ कोटींच्या आसपास येतो आणि नॉइज ९ मायक्रोजान्स्की. बँडविड्थ पूर्ण ३०० धरू नका. आरएफआय (माणसांच्या उपकरणांचा रेडिओ अडथळा) आणि बँडच्या कडा गेल्या की बहुतेक वेळा २०० च्या आसपासच हाती राहतात.

हे ९ नॅचरल वेटिंगचे, निव्वळ थर्मल नॉइजचे. रोबस्ट शून्य (बारीक तपशिलासाठी वजनं बदलणारी पद्धत) घेतलं की मध्यवर्ती चौकोनातल्या छोट्या बेसलाइनचं (अँटेनांच्या जवळच्या जोड्यांचं) वजन कमी होतं आणि नॉइज वाढतो. त्यात कॅलिब्रेशनची चूक मिसळली की १३-१४ हा चांगला निकाल समजावा. म्हणजे तुमचे १४ वाले पॉइंटिंग निरोगी आहेत आणि १५ चं उद्दिष्ट एका तासात जेमतेम बसतं. आराखड्यात राखीव काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे एकही वाईट सेशन पचणार नाही.

अँटेनांच्या संख्येचा परिणाम वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. ३० अँटेनांना हा गुणाकार ८७०, २६ ला ६५०. तेवढीच खोली गाठायला २६ अँटेनांनी ३४ टक्के जास्त वेळ द्यावा लागतो. ‘चारच तर कमी आहेत’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता तक्त्यात एक नवा रकाना घाला: परिणामी मिनिटं. घड्याळी मिनिटांना तीन गुणक लावायचे. पहिला, चालू अँटेनांचा गुणाकार भागिले ७०२ (हे २७ अँटेनांचे). दुसरा, फ्लॅग करून (खराब डेटा बाद करून) उरलेला हिस्सा. तिसरा, नेहमीचा एसईएफडी भागिले त्या दिवशीचा एसईएफडी, याचा वर्ग. उदाहरण घ्या: २५ अँटेना (६०० भागिले ७०२, म्हणजे ०.८५५), ठरल्यापेक्षा २० टक्के जास्त फ्लॅगिंग (०.८), सिस्टिम टेंपरेचर १० टक्के चढलेलं (०.८२६). तिन्हींचा गुणाकार ०.५६. घड्याळाने ६० मिनिटं दाखवली, पण पदरात ३४ पडली. यांतला एकही दोष एकेकटा पाहिला तर गंभीर वाटत नाही.

गुणक लावताना एकच गोष्ट दोनदा मोजू नका. बंद अँटेना पहिल्या गुणकात आला की दुसऱ्यात पुन्हा धरायचा नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे कॅलिब्रेशन झाल्यावर कासा या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॅगडेटात समरी मोड चालवून उरलेल्या व्हिजिबिलिटी (अँटेनांच्या जोड्यांची मोजमापं) थेट मोजायच्या. त्या संख्येत अँटेना, चॅनेल आणि वेळ तिन्ही आपोआप येतात. मग एसईएफडीचा गुणक तेवढा वेगळा लावायचा.

३८ पॉइंटिंगची सरासरी ०.७ निघाली तर खरी प्रगती २६.६ भागिले ५७, म्हणजे ४७ टक्के. पुढच्या सायकलच्या प्रस्तावात ६७ लिहायचे की ४७, यावर मागायचे तास ठरतात.

बेसलाइन_४३५

२६ मायक्रोजान्स्कीबद्दल वेगळं लिहितो, कारण पुन्हा वेळ मागण्याचा निर्णय यावरच ठरतो.

आधी त्या पॉइंटिंगची स्टोक्स व्ही प्रतिमा काढा (व्ही म्हणजे वर्तुळाकार पोलरायझेशनची, आय म्हणजे एकूण तेजाची). बँड ४ चा फीड वर्तुळाकार पोलरायझेशनचा आहे, त्यामुळे टोटल इंटेन्सिटी मोडमध्ये नोंदलेल्या आरआर (उजव्या) आणि एलएल (डाव्या) या दोन हातांमधूनच व्ही मिळतो. आकाशात व्ही मध्ये जवळजवळ काहीच नसतं. म्हणून व्ही चा नॉइज हा थर्मल नॉइजच्या अगदी जवळचा असतो. सेल्फ-कॅलिब्रेशन (प्रतिमेवरूनच केलेली दुरुस्ती), वेटिंग, टेपर (लांब बेसलाइनचं वजन कमी करणं) सगळं आय सारखंच ठेवा, नाहीतर तुलना फसते. केंद्रापासून दूर गेल्यावर लीकेजमुळे (एका पोलरायझेशनचा सिग्नल दुसऱ्यात झिरपल्यामुळे) तेजस्वी स्रोतांची छाया व्ही मध्ये उमटते. ती जागा टाळून नॉइज मोजा.

व्ही चा नॉइज २४-२५ आला तर संवेदनशीलताच कमी पडली आहे आणि आणखी वेळ देणं हाच उपाय. व्ही ११-१२ आणि आय २६ आला, तर दुर्बिणीने तिचं काम चोख केलं आहे. दोष कॅलिब्रेशनचा किंवा प्रायमरी बीमच्या (एका अँटेनाच्या दृष्टिक्षेत्राच्या) उतारावर बसलेल्या एखाद्या तेजस्वी स्रोताचा. तिथे आणखी चार तास दिले तरी २६ चे २५ होतील, बस्स. अशा ठिकाणी पीलिंग (त्या स्रोतापुरतं कॅलिब्रेशन करून तो वजा करणं) किंवा दिशानुरूप कॅलिब्रेशन करावं लागतं.

वेळच कमी पडला असेल तर हिशेब नॉइजचा थेट करू नका, एक भागिले नॉइजच्या वर्गाचा, म्हणजे वजनाचा, करा. २६ वरून १५ ला यायचं आहे. लागणारं वजन (१/२२५ − १/६७६), म्हणजे एका चांगल्या तासाच्या वजनाच्या दोन-तृतीयांश. चांगली ४० मिनिटं पुरतात, पूर्ण तास मागायची गरज नाही. जुना डेटा टाकून देऊन नव्याने ६० मिनिटं घेणं ही उधळपट्टी आहे.

नारायणगाव_फाटा

दर सेशनला काय नोंदवायचं, त्याबद्दल.

पहिलं, अँटेनांची नावं लिहा, नुसती संख्या नको. निरीक्षणाबरोबर येणाऱ्या ऑबस्लॉगमध्ये कोणता अँटेना कोणत्या वेळेपासून बंद होता, हे ऑपरेटरने लिहिलेलं असतं; ते न वाचता थेट फ्लॅगिंगला बसू नका. जीएमआरटीचे १४ अँटेना मध्यवर्ती चौकोनात (सी०० ते सी०६ आणि सी०८ ते सी१४), बाकी १६ तीन भुजांवर: पूर्वेला ई०२ ते ई०६, पश्चिमेला डब्ल्यू०१ ते डब्ल्यू०६, दक्षिणेला एस०१ ते एस०४ आणि एस०६. यादीत सी०७, ई०१ आणि एस०५ नाहीतच, तेव्हा स्क्रिप्टमध्ये सलग आकडे घालून लूप चालवला की अँटेनांची नावं आणि डेटा यांची जोडी बिघडते.

नावं कशासाठी, तर सी०५ बंद असणं आणि ई०६ बंद असणं यांत नॉइजच्या सूत्राला काहीच फरक दिसत नाही, पण प्रतिमेला दिसतो. टोकाचा अँटेना गेला की त्या दिशेच्या सगळ्यात लांब बेसलाइन जातात आणि प्रतिमेचा बीम लांबुडका होतो. मोझॅक जोडताना सगळ्या प्रतिमा एकाच बीमवर आणाव्या लागतात, तेव्हा ज्या पॉइंटिंगचा बीम सगळ्यात मोठा, तो बाकीच्या सगळ्यांना खाली ओढतो. बँड ४ ला पूर्ण ॲरेचा बीम ४ ते ५ आर्कसेकंद असतो. एका पॉइंटिंगचा ८ झाला तर एक तर संपूर्ण मोझॅक ८ वर आणा, नाहीतर ते पॉइंटिंग बाजूला काढा. म्हणून तक्त्यात नॉइजशेजारी बीमचा मोठा आणि छोटा अक्ष हवाच.

दुसरं, संवेदनशीलतेची रोजची परीक्षा. फ्लक्स कॅलिब्रेटरच्या (फ्लक्स, म्हणजे तेज, आधीच माहीत असलेल्या स्रोताच्या) स्कॅनमधून नॉर्मलाइज्ड कोरिलेशन काढा: क्रॉसची (दोन अँटेनांच्या सिग्नलच्या गुणाकाराची) ॲम्प्लिट्यूड भागिले दोन्ही अँटेनांच्या सेल्फच्या (प्रत्येकाच्या स्वतःच्या शक्तीच्या) गुणाकाराचं वर्गमूळ. ३सी४८ हा ६१० मेगाहर्ट्झला सुमारे २९ जान्स्कीचा आहे. एसईएफडी २८६ असेल तर कोरिलेशन २९ भागिले ३१५, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. ३सी१४७ (त्याच फ्रिक्वेन्सीला ३८ जान्स्की) घेतला तर साधारण १२ टक्के. एखाद्या अँटेनाच्या सगळ्याच बेसलाइनवर आकडा पडलेला दिसला तर दोष त्याचाच. यासाठी स्वच्छ चॅनेलच निवडा. सेल्फमध्ये आरएफआय घुसला की चांगला अँटेनाही आजारी दिसतो.

असा अँटेना सापडला की दोन्ही पोलरायझेशन वेगळी पाहा. एकच खाली असेल तर बहुधा त्या बाजूचा लो-नॉइज ॲम्प्लिफायर किंवा पुढची सिग्नलची वाट. दोन्ही सारखी पडली असतील तर आधी फीडचा संशय घ्या. प्राइम फोकसला चार बाजूंचा फिरता टरेट आहे. बँड बदलताना तो नेमक्या कोनात थांबला नाही तर फीड अक्षाबाहेर बघतो आणि गेन पडतो. तिसरी शक्यता अँटेना नेमका रोखला न गेल्याची, म्हणजे पॉइंटिंगच्या चुकीची. हे सेशन चालू असताना लक्षात आलं तर कंट्रोल रूमला लगेच सांगा, टरेट पुन्हा फिरवायला काही मिनिटंच लागतात. प्रतिमा काढताना महिन्याभराने कळलं तर तो अँटेना त्या दिवसापुरता गेला.

तिसरं, बँडपासच्या (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या प्रतिसादाच्या) फेजचा उतार. डिलेची (सिग्नल पोचायच्या वेळेची) १ नॅनोसेकंद चूक ३०० मेगाहर्ट्झभर १०८ अंशांचा उतार देते. ती स्थिर असेल तर बँडपास कॅलिब्रेशनमध्ये पूर्ण निघून जाते. मात्र त्याआधी चॅनेल सरासरी करून डेटा लहान केला, तर सिग्नल कायमचा जातो. आधी कॅलिब्रेशन, मग सरासरी.

चौथं, वारा. ताशी ४० किलोमीटरपर्यंत अँटेना निरीक्षण करू शकतो. त्यापुढे थांबवून वर तोंड करून ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या दुपारी हे होतं, आणि त्या सेशनमधले शेवटचे स्कॅन अर्धवट राहतात. वेळापत्रकात प्रत्येक पॉइंटिंगचा चौथा स्कॅन नेहमी सेशनच्या शेवटी येत असेल, तर ठरावीक अवर अँगलच सगळीकडून गळतो. क्रम आलटूनपालटून लावा.

जाळीदार

मोझॅकच्या भूमितीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

बँड ४ चा प्रायमरी बीम ६५० मेगाहर्ट्झला ३८ आर्कमिनिटांचा (अर्ध्या शक्तीला). तुमचं २७ चं अंतर म्हणजे बीम भागिले √२. बीम गाउसियन धरून हिशेब केला तर एकट्या पॉइंटिंगच्या केंद्रावरचा नॉइज १ असताना मोझॅकमध्ये केंद्रावर ०.८५ आणि तीन केंद्रांच्या मधोमध ०.८९ येतो. जवळजवळ सपाट, उत्तम. म्हणजे एकट्या प्रतिमेत १७ आलेलं पॉइंटिंग, शेजारी सहाही तसेच असतील तर, मोझॅकमध्ये १४.५ देतं. तुमचं १५ चं उद्दिष्ट एकट्या प्रतिमेसाठी आहे की मोझॅकसाठी, हे तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. त्यावर १९ वाल्यांचं भवितव्य ठरेल.

पण हे ६५० ला. ८५० ला बीम आक्रसून २९ आर्कमिनिटांवर येतो आणि तीच जाळी विरळ पडते: केंद्रावर ०.९८, मधोमध १.२७. म्हणजे बँडच्या वरच्या टोकाला मोझॅकमध्ये ३० टक्क्यांची लाट. स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रिक्वेन्सीनुसार तेज बदलण्याचा उतार) काढणार असाल तर खालच्या आणि वरच्या अर्ध्या बँडचे नॉइज नकाशे वेगळे ठेवा. एकच नकाशा वापरला तर मधल्या जागांतले फिके स्रोत वरच्या बँडमध्ये दिसत नाहीत आणि उगाच खडे उताराचे वाटतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. एखादं पॉइंटिंग पूर्ण वाया गेलं तरी त्या जागी भोक पडत नाही. सहा शेजाऱ्यांच्या उतारावरून तिथे नॉइज १.६३ येतो, म्हणजे नेहमीच्या सुमारे दुप्पट. शेजारचे दोन गेले तर मात्र परिस्थिती बिघडते, आणि कडेच्या पॉइंटिंगला सहा शेजारी नसतातच. म्हणून पुन्हा वेळ देताना आधी कडेचे आणि एकमेकांना लागून असलेले खराब पॉइंटिंग घ्या. एकटं पडलेलं शेवटी.

पॉइंटिंग_५७

खूप उपयोग झाला. पाच पॉइंटिंगची व्ही प्रतिमा काढली. तीन ठिकाणी व्ही चा नॉइज १२ आहे आणि आय २६; म्हणजे ते तीन कॅलिब्रेशनचे. उरलेल्या दोनांत व्ही २२. ते दोन्ही दिवसा झालेले आणि जाळीच्या दक्षिण कडेला लागून आहेत.

आणखी तीन शंका. दिवसाचा आरएफआय नेमका कशाचा आणि त्याला काय करता येतं? शेजारच्या दोन पॉइंटिंगमध्ये त्याच स्रोताचा फ्लक्स १५-२० टक्के वेगळा येतो आहे, तो का? आणि डेटा फार मोठा झाला आहे; चार-चार चॅनेल एकत्र केले तर चालेल का?

नारायणगाव_फाटा

आरएफआय दोन प्रकारचा आहे आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

एक अरुंद पट्ट्यांचा. बँड ४ मध्ये ७०३ ते ७४८ हा मोबाइल हँडसेटकडून टॉवरकडे जाणारा आणि ७५८ ते ८०३ हा टॉवरकडून येणारा पट्टा, दोन्ही ७०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल सेवेचे. टॉवरचा पट्टा जास्त जाचक, कारण टॉवर सतत बोलत असतो. तिथे स्वच्छ चॅनेल शोधत बसण्यात अर्थ नाही. तो पट्टा सरसकट काढा आणि वापरण्याजोग्या बँडविड्थच्या हिशेबातूनही वजा करा. अर्धवट साफ केलेला पट्टा ठेवला तर सेल्फ-कॅलिब्रेशन त्याच्यामागे धावतं.

दुसरा विजेच्या तारांचा. सैल जोड, खराब इन्सुलेटर यांच्यावर ठिणगी उडते. ५० हर्ट्झच्या प्रत्येक चक्रात दोनदा, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एक झटका, आणि तो सगळ्या बँडभर पसरतो. इंटिग्रेशन काही सेकंदांचं असल्यामुळे डेटात हे झटके वेगळे दिसतच नाहीत, नुसता नॉइज वाढलेला आणि छोट्या बेसलाइनवर खोटं कोरिलेशन दिसतं. म्हणून नंतरचं फ्लॅगिंग इथे पांगळं पडतं. याच्यासाठी वाइडबँड बॅकएंडमध्ये (सिग्नल प्रक्रियेच्या डिजिटल यंत्रणेत) रिअल-टाइम फिल्टर आहे. तो कोरिलेशनच्या आधीच, मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशनवरून उंबरठा ठरवून झटक्याचे नमुने काढतो. सेटअप देताना फिल्टर चालू ठेवायला सांगा आणि किती टक्के नमुने बदलले गेले ते नोंदवा. तो हिस्सासुद्धा परिणामी मिनिटांतून वजा होतो.

४३५ पैकी ९१ बेसलाइन मध्यवर्ती चौकोनाच्या आतल्या आहेत. दिवसाच्या स्कॅनमध्ये त्यांचे सगळ्यात छोटे काही सोडून पाहा. सूर्य साइडलोबमधून डोकावत असेल तर तोही तिथेच अडतो. मोठे पसरट स्रोत तुमचा विषय नसेल तर नुकसान फारसं नाही.

आणि शक्य असेल तर रात्र मागा. मात्र तुमचं क्षेत्र दर महिन्याला २ तासांनी लवकर उगवतं. ऑक्टोबर ते मार्च सायकलमध्ये रात्री मिळणारं क्षेत्र एप्रिल ते सप्टेंबरमध्ये बराचसा काळ दिवसाच असतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सूर्यास्तानंतरच्या काही तासांचीही काळजी घ्या. खोडद विषुववृत्तीय आयनोस्फिअरच्या फुगवट्याजवळ आहे, त्या काळात सिंटिलेशन (सिग्नलचं लुकलुकणं) होतं आणि फेज मिनिटागणिक उड्या मारतो. बँड ४ ला बँड २ किंवा ३ इतका त्रास नाही, पण सौरचक्राच्या शिखराजवळच्या वर्षांत तो दिसतो.

बेसलाइन_४३५

फ्लक्सच्या तफावतीबद्दल. आधी ती दिशेवर अवलंबून आहे का ते पाहा. दोन पॉइंटिंगच्या सामाईक भागातल्या स्रोतांचं गुणोत्तर घ्या आणि केंद्रापासूनच्या दिशेनुसार मांडा.

सगळीकडे तेवढाच फरक असेल तर तो सेशनचा फ्लक्स-स्केल आहे. कॅलिब्रेटर कोणता, मॉडेल कोणतं, कॅलिब्रेटरच्या स्कॅनमध्ये आरएफआय होता का, पॉवर इक्वलायझेशन (अँटेनांच्या सिग्नलची पातळी सारखी करणं) मध्येच पुन्हा झालं का, हे तपासा. सेशनच्या सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा फ्लक्स कॅलिब्रेटर घेतलेला असेल तर हे पटकन सापडतं. क्षेत्र आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असेल तर पार्श्वभूमीमुळे सिस्टिम टेंपरेचर कॅलिब्रेटरपेक्षा वेगळं पडतं, तेही धरावं लागतं. पट्ट्यापासून दूर, ६५० ला, आकाशाचा वाटा काही केल्विनचाच असतो.

एका बाजूला जास्त आणि विरुद्ध बाजूला कमी असेल तर ते पॉइंटिंगच्या चुकीचं लक्षण. सगळे अँटेना एकाच दिशेने ३ आर्कमिनिट चुकले, तर केंद्रावर जेमतेम २ टक्के फरक पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ३८ च्या बीमच्या अर्ध्या शक्तीच्या रेषेवर एका बाजूचा स्रोत २१ टक्के फिका आणि दुसऱ्या बाजूचा २२ टक्के तेजस्वी दिसतो. तुमचे १५-२० टक्के याच्यात नीट बसतात. मोझॅकमध्ये सगळं काम बीमच्या उतारावरच चालतं, त्यामुळे एकट्या लक्ष्याच्या निरीक्षणात माफ होणारी चूक इथे माफ होत नाही. प्रत्येक अँटेनाची चूक वेगळ्या दिशेला असेल तर ती बऱ्यापैकी सरासरीत जाते. सामाईक चूक जात नाही.

हा भाग शेवटी करू म्हणून पुढे ढकलू नका. जीएमआरटीवरचा १५० मेगाहर्ट्झचा टीजीएसएस सर्व्हे हा या बाबतीतला धडा आहे. निरीक्षणं २०१० ते २०१२ मधली, प्रत्येक पॉइंटिंगला सुमारे १५ मिनिटं, तीही तीन किंवा अधिक स्कॅनमध्ये विभागलेली. २०१७ च्या प्रकाशनात ३६,९०० चौरस अंश, २५ आर्कसेकंदांचा बीम आणि ३.५ मिलिजान्स्कीचा मध्यक नॉइज, असं ते भव्य काम. त्यातही नंतर आकाशाच्या काही भागांत, अनेक अंशांच्या पट्ट्यांवर, फ्लक्सचं माप सरकलेलं आढळलं आणि इतर सर्व्हेंशी जुळवून ते दुरुस्त करायचे प्रयत्न झाले. नॉइजच्या नकाशात अशी चूक दिसत नाही. म्हणून सेशननिहाय फ्लक्स-गुणोत्तर हा स्वतंत्र रकाना हवा.

जाळीदार

चॅनेलबद्दल थोडक्यात. ४०० मेगाहर्ट्झ आणि २०४८ चॅनेल, म्हणजे एक चॅनेल १९५ किलोहर्ट्झ. केंद्रापासून २७ आर्कमिनिटांवर, ४.३ आर्कसेकंदांच्या बीमला, चार चॅनेल एकत्र केल्यावर बँडविड्थ स्मिअरिंगने (रुंद चॅनेलमुळे स्रोत पसरट दिसण्याने) शिखर फ्लक्स ४-५ टक्क्यांनी पडतो. दोन चॅनेल एकत्र केले तर एक टक्क्याच्या आसपास. दोन करा, चार नको.

आकाराचा अंदाज: ५.३७ सेकंदांचं इंटिग्रेशन, ४३५ बेसलाइन आणि ३० सेल्फ, दोन पोलरायझेशन, दर व्हिजिबिलिटीला १२ बाइट. तासाला सुमारे १५ जीबीच्या फिट्स फाइली. ५७ तासांचे आणि कॅलिब्रेटरचे मिळून १ टीबीच्या घरात, आणि कासात मॉडेल आणि करेक्टेड रकाने तयार झाले की त्याच्या दुपटी-तिपटीने. जागा आधी मोजून ठेवा. दुर्बिणीकडून आलेल्या मूळ एलटीए फाइली मात्र जपा. गेनची चूक नंतर सापडली तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

फेज_क्लोजर

एका मुद्द्यावर वरच्यांपेक्षा वेगळं मत आहे. खराब पॉइंटिंग आधी सुधारायचे की उरलेले १९ आधी करायचे, यात मी उरलेले १९ आधी घेईन. कारण वर आलंच आहे: शेजारी पूर्ण झाले की खराब पॉइंटिंगचा नॉइज मोझॅकमध्ये आपोआप खाली येतो. आज २२ दिसणारं पॉइंटिंग, सहाही बाजूंनी १५ वाले शेजारी मिळाले की, स्वतःच्या केंद्रावर १७ च्या आत जातं. आधी क्षेत्र भरून घ्यावं, मग जिथे मोझॅकचा नकाशा १५ च्या वर राहील तिथेच मिनिटं द्यावीत. अपवाद दक्षिण कडेच्या त्या दोनांचा: तिथे शेजारी नाहीत आणि दोघं एकमेकांना लागून आहेत, तेव्हा ते आत्ताच घ्या, आणि रात्रीच.

नारायणगाव_फाटा

मान्य, फक्त एक अट. उरलेल्या १९ च्या वेळापत्रकात दर सेशनला जुन्या पॉइंटिंगपैकी एकाचा १० मिनिटांचा स्कॅन घाला, आणि तो दर वेळी वेगळ्या सेशनमधला जुना निवडा. तेच स्रोत दोन वेगळ्या दिवशी मोजले गेले की फ्लक्स-स्केल आणि पॉइंटिंग या दोन्हींचा ताळा जुळवता येतो, आणि ती १० मिनिटं त्या जुन्या पॉइंटिंगच्या वजनातही जमा होतात. सेटअप फाइलमध्ये हा स्कॅन कॅलिब्रेटरच्या लगेच पुढे ठेवा. सेशनच्या शेवटी ठेवला तर वारा सुटला की पहिला तोच कापला जातो.